गंगारामला मागणी घातली तो दिवस

कापसाच्या तेजीतल्या तिसऱ्या उन्हाळ्यात, आखाजीच्या आदल्या दिवशी, माझे वडील आमच्या सालदाराला परत आणण्यासाठी पिंपळटेकला गेले. बरोबर मामा होता आणि दमणी हाकायला मी होतो. सालदाराचं नाव गंगाराम. महिनाभरापूर्वी तो कुणाशी न भांडता आमचं घर सोडून गेला होता.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या वऱ्हाडात त्या दिवशी पितरांची घागर भरतात, आंब्याचा रस जेवतात आणि शेतावरच्या सालदाराचं नवं साल सुरू होतं. सालदार ज्या घराच्या ओसरीवर त्या दुपारी जेवला, त्या घराचा तो वर्षभराचा माणूस. जेवण झालं की मालक त्याच्या खांद्यावर नवी घोंगडी टाकतो. यापलीकडे करार नसे आणि तो मोडलेला मी पाहिला नाही. एरवी या दिवसांत सालदार स्वतःहून येई, ओसरीखाली उभा राही आणि मालक त्याच्याकडे न बघता सुपारी कातरत बोलणी करी. त्या वर्षी उलट झालं होतं. जो तो कापूस पेरायला निघाला होता, त्यात आगगाडीच्या रस्त्याच्या मातीकामावर गावंच्या गावं निघून गेलेली, आणि वखर धरणारा माणूस शोधायला मालक लोक उन्हातान्हात दारोदार फिरत होते. मी अमरावतीच्या इंग्रजी शाळेत शिकत होतो आणि सुट्टीसाठी घरी आलो होतो. गंगाराम आला नाही तर शाळा बंद, यंदा तिफण तू धरायची, असं बाबांनी मला सांगितलं होतं. ते रागानं सांगितलं नाही. वरणाची वाटी पुढं सरकवता सरकवता सांगितलं, म्हणून मला ते खरं वाटलं.

तेजीनं आमच्या घरात काय काय आलं ते सांगायला हवं, कारण त्यातूनच हे प्रकरण झालं. आधी दोन आरसे आले. मग छताला टांगायची काचेची हंडी आली, ती टांगल्यावर बाबांचं पागोटं रोज तिला लागे. मग एक घड्याळ आलं. ते घरात कुणालाच वाचता येत नव्हतं, आणि मला येऊ लागलं तेव्हा ते बंद पडलेलं होतं. त्या काळी वऱ्हाडातल्या कास्तकारांनी बंड्यांच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीच्या धावा बसवल्या अशी गोष्ट सांगतात. पुढे वर्तमानपत्रात काम करताना मी ती अनेक गावांत विचारली. प्रत्येक ठिकाणी ती शेजारच्या गावात घडलेली होती. धाव स्वतः पाहिलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. आमच्याकडे चांदी आली नाही, बैल आले. माळव्याकडून आणलेली पांढरीशुभ्र जोडी आणि तिच्यासाठी रंगीत छताची दमणी. ही जोडी सरकीची ढेप खाई आणि लोकांनी बघण्याचं काम करी. गोठ्यात दोनच जोड्यांची जागा होती आणि एका जागी म्हशी होत्या. तेव्हा बाबांनी जुनी जोडी, कवड्या आणि चांद्या, बाहेर कडुनिंबाखाली बांधली.

गंगारामनं त्या बैलांना वासरं असल्यापासून वागवलं होतं. त्यानं आपलं अंथरूण उचललं आणि कडुनिंबाखाली नेलं. थंडीभर तो तिथंच झोपला. चैत्र लागल्यावर खताच्या बंड्या वावरात टाकून झाल्या, त्या दिवशी त्यानं आपली घोंगडी झाडाच्या फांदीवर टांगली, मायला सांगितलं की माझं साल भरलं, आणि तो डोंगराकडे चालू लागला. घोंगडी तर त्याची स्वतःची होती. ती मागं ठेवून जाणं म्हणजे या घरचं साल पुन्हा धरणार नाही, हे गावात सगळ्यांना कळलं.

मायनं बाबांना एकच उपाय सांगितला होता. जा आणि चुकलं म्हणा. बाबांनी त्यावर बराच विचार केला आणि पागोटं न्यायचं ठरवलं.

आम्ही उजाडताच निघालो. माळव्याच्या जोडीच्या गळ्यात घुंगरमाळा होत्या, त्यामुळे वाटेतल्या प्रत्येक गावातली कुत्री आमच्याबरोबर थोडी थोडी चालली. मामा मागं लोडाला टेकून बसला होता. हा मायचा धाकटा भाऊ. त्याला शेती नव्हती असं नाही, पण त्याचा खरा धंदा सोयरिकी जमवण्याचा होता. तालुक्यातली निम्मी लग्नं आपण जुळवली असं तो सांगे, आणि त्यातली जी बिघडली ती कुणी जुळवली हे त्याला आठवत नसे. बोलायला माणूस पाहिजे म्हणून मायनं त्याला धाडलं होतं. बाबांचे नवे जोडे पावलागणिक करकरत, म्हणून ते दमणीतून उतरायला तयार नव्हते.

अकोटला पोचलो तेव्हा बाजार भरला होता. आखाजीसाठी मातीच्या लाल घागरींच्या रांगा होत्या, डांगरं होती, आंब्याच्या पाट्या होत्या, आणि त्यांच्या मधोमध विलायती मालाची दुकानं मांडलेली होती. एका दुकानात नुसत्या छत्र्या. वऱ्हाडात उन्हाळ्यात छत्री कशाला, असं तोवर कुणी विचारलं नव्हतं, पण त्या वर्षी प्रत्येकाला ती हवी होती. एक म्हातारा छत्री उघडून, तिच्या सावलीबाहेर उभा राहून, ती कशी दिसते ते बघत होता. मी त्या बाजारात सगळं बघत रमत गेलो. भजी खाल्ली, गुळाच्या शेवेचा पुडा घेतला, पान खाता खाता मामा एका तांबोळ्याच्या नात्यातला निघाला. बाबांनी गंगारामसाठी लाल पागोटं घेतलं. मग त्याच्या बायकोला लुगडं, त्याच्या म्हाताऱ्या आईला नारळ आणि बत्तासे. एवढं झाल्यावर त्यांचा चेहरा पुन्हा पडला, तेव्हा त्यांनी छत्री घेतली. अशी वस्तू डोंगरात कुणी पाहिली नसेल, असं ते दुकानदारालाही म्हणाले. दुकानदारानं मान डोलावली.

फुलं मायनं सांगितली होती. बाजारात फुलं नव्हती. हार नव्हता, गजरा नव्हता, देवाला वाहायलाही कुणी कण्हेर घेऊन बसलेलं नव्हतं, कारण माळ्यांनीसुद्धा मळे मोडून कापूस लावला होता. विचारत विचारत गावाच्या उत्तरेला एका विहिरीवर पोचलो. तिथं मोट चालू होती आणि मोटेच्या पाटावर मोगऱ्याचा एक लांबरुंद मळा होता. चहूकडं कापसाच्या पऱ्हाटीचे वाळके खुंट उभे असलेली काळी रानं, आणि त्यात ही एक हिरवी-पांढरी पट्टी. वास बांधावरच लागला. बैलांनाही लागला असावा, कारण त्यांनी दमणी वाट सोडून तिकडे नेली आणि एका झुडपाचा शेंडा खाल्ला. माळीण धावत आली. तिनं आधी बैलांना शिव्या दिल्या, मग मला, मग बाबांचं पागोटं पाहून ती थांबली. माळी मोटेवरून उतरलाच नाही. मामानं त्याला विचारलं, सगळ्यांनी कापूस लावला, तू काहून नाही लावला.

"कापूस डोक्यात माळता येते काय?" तो म्हणाला आणि मोटेचे बैल मागं घेतले.

त्याची बायको म्हणाली की याचं काही ऐकू नका, याला मळा मोडायचा आळस आहे. तिनं आमच्यासाठी कळ्या तोडल्या. आम्ही विहिरीवर अंघोळी केल्या, आंब्याखाली भाकर, कांदा आणि मिरचीचा ठेचा खाल्ला, आणि बाबा उताणे पडून घोरू लागले. त्या दिवशी आम्ही कुठं निघालो आहोत हे तासभर कुणाच्याच लक्षात नव्हतं. माळिणीनं टोपली पळसाच्या ओल्या पानांत गुंडाळून दिली आणि उन्हात ठेवू नका म्हणून बजावलं. बाबांनी छत्री उघडली आणि पिंपळटेकच्या पायथ्यापर्यंत टोपलीवर धरली. वाटेत भेटलेल्या लोकांनी आत नवरी बसली आहे असं समजून आम्हाला रस्ता दिला.

पिंपळटेक हे गाव सातपुड्याच्या पहिल्या टेकडीवर आहे. वाट दगडांची आणि चढाची. माळव्याच्या जोडीनं ती एकदा पाहिली आणि खाली बसली. चाबूक दाखवला, ढेप दाखवली, मामानं त्यांना समजावून पाहिलं. शेवटी दमणी मोहाच्या झाडाखाली सोडून आम्ही सामान उचललं. मामाच्या डोक्यावर लुगड्याचं गाठोडं, माझ्याकडे फुलं आणि बत्तासे, आणि पुढे बाबा, एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात मिटलेली छत्री. बहाव्याची पिवळी झाडं वाटेवर फुलांचा सडा घालत होती आणि त्यावरून बाबांचे जोडे करकरत वर चालले होते. गावातली पोरं तो आवाज ऐकून आम्ही दिसायच्या आधीच गोळा झाली.

गंगारामचं घर कुडाचं होतं, सारवलेलं, समोर स्वच्छ अंगण. गंगाराम बाजेवर बसला होता. तो उठला, पाणी आणलं, रामराम घातला आणि पुन्हा बसला. त्याची बायको बाजारात गेली होती. त्याची आई भिंतीला टेकून उद्याच्या जेवणासाठी पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावत होती. ती आमच्याकडे बघत नव्हती. बाबांनी आणलेल्या वस्तू एकेक करून तिच्यासमोर मांडल्या आणि शेवटी, सगळ्यांना दिसेल अशी, छत्री उघडली. तेव्हा मला वर आढ्याला टांगलेल्या तीन छत्र्या दिसल्या. बाबांना त्या जरा उशिरा दिसल्या. तीन मालक आमच्या आधी येऊन गेले होते. बाबांनी छत्री मिटली.

बोलणी मामानं सुरू केली. त्याला एकाच प्रकारची बोलणी येत होती. त्यानं आमच्या घरची माणसं किती सालस ते सांगितलं, विहिरीला बारमाही पाणी आहे हे सांगितलं, घरात सासुरवास नाही असंही सांगून टाकलं. पत्रावळी लावता लावता म्हातारीचे हात थांबले. तिनं मामाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं आणि मग मुलीच्या बापानं विचारावं तसं ती विचारू लागली. सैपाक कोन करते? तेल हात राखून वाढते की कसं? मालक पेते काय? आजारी पडलं तर कोनी पाहते काय? मामानं प्रत्येक प्रश्नाला सोयरिकीतलं ठरलेलं उत्तर दिलं. अंगणाबाहेर आता बायका जमल्या होत्या आणि पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग म्हातारी बाबांना म्हणाली, "पाटील, जरा चालून दाखवा."

मुलगी बघताना तिला चालायला लावतात, ती लंगडी नाही ना हे कळावं म्हणून. बाबांनी गंगारामकडे पाहिलं. गंगाराम आढ्याकडे बघत होता. बाबा उठले, अंगणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालले आणि परत आले. जोडे करकरले.

"जोडा लय वाजते," म्हातारी म्हणाली. "बैल बुजतीन."

बाबांनी जोडे काढून बाजूला ठेवले. निघायची वेळ होईपर्यंत ते पुन्हा हाती लागले नाहीत, कारण मधल्या वेळात पोरांनी ते पायांत घालून गावात फिरवले.

आता गंगाराम बोलला. आम्ही आल्यापासून तो एकच गोष्ट विचारायची वाट बघत असावा. "पाटील, माहे बैल कसे हायेत?"

बाबा म्हणाले, उत्तम. मामा म्हणाला की उत्तम तर आहेतच, पण नुसतं उत्तम म्हणणंही कमीच आहे, आणि आणखी बरंच म्हणाला. म्हातारीनं हात वर करून त्याला थांबवलं आणि माझ्याकडे वळली.

"नारान, तू सांग. तुया बापाकडं पाहू नको."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर, हे सांगितलंस तर याद राख, असं होतं. ज्या गोष्टीबद्दल ते होतं ती मी एकट्यानं पाहिली होती आणि घरी सांगायची नाही असं त्यांनी मला बजावलं होतं. पण शाळा बंद झाली तर ती गोष्ट लपवून मला काय मिळणार होतं, हेही मला दिसत होतं. मी सांगितलं. पुढे आयुष्यभर मी बातम्या लिहिल्या. आधी काय, मग काय, कुणी पाहिलं, एवढंच लिहायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. त्या अंगणात मी तसंच बोललो.

मी सांगितलं की गंगाराम गेल्यापासून कवड्या आणि चांद्या वखराला उठत नाहीत. गावातली चार माणसं येऊन गेली, बैल उठले नाहीत. एके दिवशी पहाटे मी पाण्याची कळशी घेऊन वावरात गेलो, तेव्हा बैल वखराला जुंपलेले होते आणि चालत होते. वखरावर गंगाराम उभा होता. जवळ गेल्यावर दिसलं की ते बाबा आहेत. त्यांनी कडुनिंबावरची घोंगडी डोक्यावरून घेतली होती, गंगारामची तंबाखू गालात धरली होती, आणि गंगाराम घालतो तशी हाळी घालत होते. वावराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बैलांनी दोन तास काढले. तिसऱ्या तासाच्या टोकाला वळताना वारा आला आणि घोंगडी उडाली. चांद्यानं मान वळवून बाबांकडे पाहिलं आणि तो बसला. मग कवड्याही बसला. बाबांना तंबाखूची सवय नसल्यामुळे तेही बांधावर बसले.

मामाचं तोंड उघडं होतं आणि त्यातून काही येत नव्हतं. त्याला मी असं पुन्हा कधी पाहिलं नाही.

"कोनती घोंगडी?" गंगारामनं विचारलं.

"तुमचीच," मी म्हणालो.

"अन् हाळी कशी घातली?"

हे त्यानं मला विचारलं होतं, पण म्हातारी म्हणाली, पोराले काहून विचारतं, पाटील हायेत न समोर. बाबा अनवाणी उभे होते. त्यांनी खाकरून घसा साफ केला. मग गावातल्या बायकापोरांसमोर, पागोटं सारखं करून, त्यांनी गंगारामची हाळी घातली. ती बरी जमली असावी. कोपऱ्यात बसलेली शेळी उठून उभी राहिली.

गंगारामनं तोंडावर हात ठेवला. खांदे हलत होते, म्हणून आधी तो रडतो आहे असं मला वाटलं. हसू आवरल्यावर तो म्हणाला, "शेवटी ओढा लागते, पाटील. तुमी तोडून राहिले." आणि त्यानं ती ओढून दाखवली. बाबांनी पुन्हा घातली. ते दोघं असे आळीपाळीनं ओरडत असताना खालून, मोहाखालून, माळव्याच्या जोडीपैकी एक बैल हंबरला.

पुढची बोलणी फारच थोडी झाली.

"जोडी आत," गंगाराम म्हणाला.

"आत," बाबा म्हणाले.

"अन् थे पांढरी?"

"चिंचेखाली."

"मंग येतो."

मामानं सवयीनं नारळ उचलला आणि गंगारामच्या ओटीत घालायला गेला. त्याला ओटी नाही हे लक्षात आल्यावर तो म्हातारीच्या पुढे ठेवला. म्हातारीनं पागोटं आणि लुगडं परत गाठोड्यात बांधलं. साल भरल्यावर द्या, म्हणाली, आधी घेतलं तर पोरगा विकला असं होते. छत्रीही परत दिली. "चवथी टांगाले आढं नाई, बाप्पा." फुलांची टोपली मात्र तिनं स्वतःकडे ओढली, पळसाची पानं उलगडली आणि वास घेतला. तिचा नवरा गेल्याला तेव्हा दुसरं वर्ष होतं. उद्या बुढ्याच्या घागरीवर फुलं पाहिजेत आणि सगळ्या डोंगरात फूल नाही, असं ती म्हणाली. छत्र्या सगळ्यांनी आणल्या, हे कुणाला सुचलं नाही. हे मायला सुचलं होतं, असं बाबांनी तिला सांगितलं नाही. म्हातारी काय म्हणाली ते मी घरी आल्यावर मायला सांगितलं.

परतताना माळव्याची जोडी न सांगता पळत आली. बाबा वाटभर माझ्याशी बोलले नाहीत. अकोट मागं पडल्यावर त्यांनी उरलेला गुळाच्या शेवेचा पुडा माझ्याकडे सरकवला. दिवेलागण झाल्यावर आम्ही घरी पोचलो. मायनं विचारलं, चुकलं म्हणालात का? बाबा म्हणाले, तशी वेळच आली नाही. त्याच रात्री त्यांनी स्वतः माळव्याची जोडी चिंचेखाली नेली आणि कवड्या आणि चांद्याला गोठ्यात बांधलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गंगाराम आमच्या ओसरीवर जेवला. पोळी, कुरडया आणि आंब्याचा रस होता. तेल मायनं हात राखून वाढलं नाही, आणि ते तो दरवेळी मोठ्यानं बोलून दाखवत होता. मृग लागल्यावर मी अमरावतीला शाळेत परत गेलो. त्या साली कापूस बरा झाला. पुढे, ज्या परदेशातल्या लढाईनं ही तेजी आणली होती ती संपली आणि भाव उतरला, तेव्हा माळव्याची जोडी विकली गेली. छत्री बरीच वर्षं घरात होती. तिच्यात माय सांडगे वाळत घाली.

आखाजीच्या त्या दुपारी जेवण झाल्यावर बाबांनी गंगारामच्या खांद्यावर नवी घोंगडी टाकली. ती त्यानं घेतली आणि जुनीही मागितली. बाबांनी ती सापडत नाही असं सांगितलं. ती त्यांच्या खोलीत, दाराआडच्या खुंटीवर होती.